मेंटॉर शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न: मुलं कॉलेज मधेच का सोडतात आणि आपल्या हातात काय असतं

जुलै-ऑगस्टमध्ये नेमणुकीचं पत्र येतं, सोबत वीस-पंचवीस नावांची यादी. 'मेंटॉर म्हणून आपली नियुक्ती करण्यात येत आहे.' पुढे काय करायचं हे पत्रात नसतं. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या पदवी महाविद्यालयांतले सहकारी जे प्रश्न स्टाफरूममध्ये, रिफ्रेशर कोर्सच्या चहाच्या सुट्टीत किंवा थेट फोनवर विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. अभियांत्रिकीवाल्यांसाठीही थोडं आहे.

मेंटॉर, पालक-शिक्षक, जीटी, वर्गशिक्षक: हे सगळे एकच का?

नावं कॉलेजागणिक बदलतात. अभियांत्रिकीत 'जीटी' म्हणजे गार्डियन टीचर, पारंपरिक कॉलेजांत मेंटॉर, काही ठिकाणी पालक-शिक्षक. या शेवटच्या नावाने पालक-शिक्षक संघाशी घोटाळा होतो, म्हणून टाळलेलं बरं. वर्गशिक्षकाकडे अख्खा वर्ग असतो आणि त्याला वर्गाची व्यवस्था बघायची असते. मेंटॉरकडे ठरावीक नावं असतात. त्यातला कोण आज आला नाही आणि का आला नाही, हे कॉलेजात एका तरी माणसाला ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे पद आहे. समुपदेशक होणं तुमच्याकडून अपेक्षित नाही आणि तसा आव आणूही नये.

एका मेंटॉरकडे किती विद्यार्थी असावेत?

वीस ते पंचवीस जमतात. चाळीसपर्यंत ओढाताण होते, पण निभतं. त्यापुढे फक्त सह्या होतात. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) अध्यापन-अध्ययन निकषात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं प्रमाण मागितलेलं असतं, त्यामुळे कागदावर ते बहुतेक ठिकाणी छानच दिसतं. प्रत्यक्षात रिक्त जागा इतक्या आहेत की एकाच प्राध्यापकाच्या नावावर तीन वर्षांच्या याद्या चढलेल्या असतात. अशा वेळी सगळ्यांना सारखा वेळ देण्याचा हट्ट सोडा. प्रथम वर्षाला निम्म्याहून जास्त वेळ द्या. तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलेला विद्यार्थी सहसा सोडून जात नाही.

मुलं नेमकी कशामुळे सोडतात? 'अभ्यासात रस नाही' हे खरं कारण असतं का?

क्वचित. 'रस नाही' हे बहुतेकदा शेवटी उरलेलं वाक्य असतं. त्याच्या आधी बरंच काही घडून गेलेलं असतं. प्रवेश उशिरा झाला, पहिलं युनिट बुडालं, पहिल्या चाचणीत दोन गुण पडले, सबमिशनला फाइल नव्हती म्हणून बाईंसमोर जायची लाज वाटली, मग त्या तासाला बसणं बंद झालं. तीन महिन्यांनी विचारलं की मुलगा म्हणतो, 'सर, मन लागत नाही.'

कारणांचे गठ्ठे भागाप्रमाणे बदलतात. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगरचा काही भाग इथे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात. धाकटी भावंडं आणि जनावरं मागे राहिली तर थोरल्या मुलीला घरी थांबावं लागतं. कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या दोघांच्या जोडीला, माणूस कमी पडला तर थोरल्या मुलाला फडात जावं लागतं. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे एक परीक्षा हमखास हुकते. कोकणात मुलगा मुंबईला काकांकडे जातो आणि तिथेच कामाला लागतो. औद्योगिक वसाहतीजवळच्या कॉलेजांत कंपनीची शिफ्ट आणि कॉलेजची वेळ यांची टक्कर असते. मुलींच्या बाबतीत लग्न, आणि त्याच्याही आधी लग्नाची बोलणी. स्थळं बघायला सुरुवात झाली की हजेरी घसरते. ती घसरण तुम्हाला मस्टरवर दिसते, तिच्या मैत्रिणींना ती महिनाभर आधीच माहीत असते.

यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या हातात नाहीत. पण कॉलेजच्या आत घडणाऱ्या ज्या बारीकसारीक गोष्टींनी डगमगणारा विद्यार्थी बाहेर ढकलला जातो, त्या हातात आहेत. परत आलेला अर्ज, चुकलेली तारीख, गैरसोयीची प्रॅक्टिकल बॅच, खिडकीवरचा तुसडा शब्द. मेंटॉरचं खरं काम इथे आहे. उपदेशाने थांबलेले विद्यार्थी फार थोडे, आणि वेळेत दुरुस्त झालेल्या एका कागदाने थांबलेले पुष्कळ, असं माझं ठाम मत आहे.

लक्ष कधी ठेवायचं? वर्षभर सगळ्यांच्या मागे फिरणं शक्य नाही.

गरजही नाही. चार वेळा नीट बघितलं तरी पुरे.

पहिली वेळ प्रथम वर्षाच्या सुरुवातीचे पाच-सहा आठवडे. त्यातही शेवटच्या फेरीने आलेल्यांची वेगळी यादी करा. अभियांत्रिकीत कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीचा मुलगा येतो तेव्हा वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतात, मैत्र्या जुळलेल्या असतात, व्हॉट्सॲप ग्रुप बनलेले असतात. त्याला ग्रुपमध्ये कुणी घेतलंय का, एवढं विचारलंत तरी निम्मं काम होतं, कारण आजकाल वेळापत्रकातला बदल सूचना फलकावर नंतर लागतो, ग्रुपवर आधी पडतो.

दुसरी वेळ पहिल्या अंतर्गत चाचणीनंतरचा आठवडा. नापास झालेल्यांपेक्षा गैरहजर राहिलेल्यांकडे आधी बघा.

तिसरी वेळ परीक्षा अर्जाची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. ज्याने अर्ज भरलेला नाही तो मनाने कॉलेजातून निघालेला तरी असतो, नाहीतर त्याच्याकडे शुल्काचे पैसे तरी नसतात. नियमित शुल्काची मुदत संपायच्या तीन-चार दिवस आधी परीक्षा विभागाकडून 'अर्ज न भरलेल्यांची यादी' मागून घ्या. विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क अशी रक्कम चढत गेली की ज्याला मूळ शुल्कच जड होतं तो विषयच सोडून देतो. ही यादी मेंटॉरकडे आपोआप पोचली पाहिजे असा ठराव महाविद्यालय विकास समितीत करून घेता आला तर उत्तम. नाहीतर क्लार्कशी चांगले संबंध ठेवा, ते ठरावापेक्षा लवकर कामी येतात.

चौथी वेळ निकालानंतरची. त्याबद्दल खाली एटीकेटीच्या (काही विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीच्या) प्रश्नात.

पहिल्या भेटीत काय विचारायचं? 'काही अडचण आहे का?' म्हटलं की सगळे 'काही नाही सर' म्हणतात.

म्हणणारच. अडचण विचारली की अडचण सांगावी लागते, आणि अनोळखी माणसाला ती कोण सांगेल? दिवस कसा जातो ते विचारा. एक संभाषण जवळजवळ जसंच्या तसं देतो.

'आज कुठल्या गाडीने आलीस गं?'
'सातच्या, सर.'
'एवढ्या लवकर? लेक्चर तर अकराला आहे.'
'नंतरची गाडी साडेअकराची आहे.'
'मग मधल्या वेळात कुठे असतेस?'
'स्टँडवरच. मैत्रीण आली की येतो दोघी.'
'आणि जायची?'
'दीडची, सर. ती चुकली तर एकदम साडेसहा. घरचे नाही थांबू देत.'

मुलगी प्रॅक्टिकलच्या डिफॉल्टर (हजेरी कमी भरलेल्यांच्या) यादीत होती. तिची बॅच दुपारी दोनची होती, म्हणजे ती कधीच हजर राहू शकणार नव्हती, आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बॅच बदलून मिळते हेच तिला ठाऊक नव्हतं. विभागप्रमुखांना सांगून तिला सकाळी आठच्या बॅचमध्ये टाकलं आणि मधल्या तासांसाठी ग्रंथालयाची अभ्यासिका आठला उघडायला लावली. समुपदेशन वगैरे काही झालं नाही.

गाडी कुठली, डबा आणतोस की खाणावळ, खोलीवर किती जण, सकाळी काम करतोस का, घरात कॉलेजला येणारा तू पहिलाच का. या प्रश्नांची उत्तरं मुलं सहज देतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर नावापुढे खूण करा. त्या घरात प्राचार्यांना अर्ज कसा लिहायचा, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) म्हणजे काय, टर्म ग्रँट (सत्र मंजूर) झाली नाही म्हणजे काय, हे सांगणारं कुणी नसतं.

हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली आहे. घरी फोन करायचा ना?

थांबा. आधी विद्यार्थ्याशी बोला, मग त्याला सांगून फोन करा.

मुलाच्या घरी फोन गेला तर सहसा रागावणं होतं आणि विषय संपतो. मुलीच्या घरी 'तुमची मुलगी कॉलेजात नियमित येत नाही' असा फोन गेला, तर दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद होऊ शकतं. ती घरातून रोज निघत होती आणि कॉलेजात येत नव्हती, एवढंच वडिलांना ऐकू येतं. ती त्या वेळेत एखाद्या दुकानात काम करून खोलीचं भाडं काढत असेल, लायब्ररीत बसत असेल किंवा एखाद्या प्राध्यापकाचा तास चुकवत असेल. तो तास का चुकवते हा आणखी वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कधी कधी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीकडे जातं.

फोन करायचाच झाला तर सुरुवात चांगल्या गोष्टीने करा आणि तक्रारीऐवजी विचारणा करा: 'दादा, तिची परीक्षा जवळ आलीय, घरी काही काम निघालंय का?' शक्यतो आईशी बोला. मुलीच्या घरी बोलायला मॅडम असतील तर त्यांनीच बोलावं. आणि डिफॉल्टर यादी पूर्ण नावानिशी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची पद्धत बंद करा. सूचना फलकावर हजेरी क्रमांक लावले तरी काम भागतं.

शिष्यवृत्ती हे ऑफिसचं काम. त्यात मेंटॉरने पडावं का?

पडावं. अर्ज भरून देऊ नका, पण तो कुठे अडकलाय हे तुम्हाला वाचता आलं पाहिजे. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज ठरावीक जागीच अडकतात.

एक, अर्ज त्रुटीसाठी परत पाठवलेला असतो. त्याचा संदेश ज्या मोबाइलवर गेला तो नंबर बंद झालेला किंवा सायबर कॅफेवाल्याचा असतो. दर पंधरा दिवसांनी विद्यार्थ्याला तुमच्यासमोर लॉगिन करून स्थिती बघायला लावा.

दोन, बँक खातं. आधार खात्याला 'लिंक' असणं वेगळं आणि शासकीय रक्कम जमा होण्यासाठी 'सीड' असणं वेगळं. जे खातं सगळ्यात अलीकडे सीड झालं, पैसे त्यातच जातात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एखाद्या पेमेंट बँकेत खातं उघडून दिलेलं असतं, रक्कम तिथे जाऊन पडते आणि मुलगा वर्षभर म्हणत राहतो की शिष्यवृत्ती आलीच नाही.

तीन, नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं. लग्न झालेल्या मुलीने आधारवरचं नाव बदललं की तिचा अर्ज हमखास लटकतो. शिक्षण चालू असेपर्यंत आधारवरचं नाव बदलू नकोस, हे तिला लग्नाच्या आधी सांगणारं कुणीतरी हवं.

चार, उत्पन्नाचा दाखला. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, मग एप्रिलनंतर सेतू केंद्रापासून तहसीलपर्यंत पुन्हा फेरी.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्न मर्यादा अडीच लाखांची आहे आणि २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली शुल्काची रक्कम त्याने कॉलेजात भरायची असते. ज्या घरात पेरणीला पैसे नाहीत तिथे ही रक्कम आली की ती टिकत नाही, यात नवल नाही. मग कॉलेज थकबाकी दाखवतं, हॉल तिकीट अडतं आणि मुलगा परीक्षेलाच येत नाही. रक्कम जमा झाल्याच्या आठवड्यात बोललात तर हे टळतं.

खुल्या आणि इतर प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'मुलींना सगळं फुकट' एवढंच गावात पोचलेलं असतं. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश, वसतिगृह, खाणावळ यात येत नाही, हे प्रवेशाच्या वेळीच सांगा. दुसऱ्या वर्षी कळलं तर फार उशीर होतो.

शुल्क माफ झालं तरी मुलं सोडतातच. मग पैसा हे कारण नाही का?

पैसाच कारण आहे, फक्त तो शुल्काचा नसतो. राहणं, जेवण आणि प्रवास.

बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. प्रथम वर्षाला आल्या की तो संपतो. सवलतीचा मासिक पास मिळतो, पण त्याला पैसे पडतात. ज्या घरात मुलीच्या शिक्षणाला जेमतेम होकार होता, तिथे दर महिन्याला हात पुढे करणं हेच निमित्त होतं. प्रवेशाच्या दिवशी पासासाठी बोनाफाईड हातात द्या. त्यासाठी तिला आठवडाभर खिडकीवर उभं करू नका.

शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शहराप्रमाणे वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. रकमा वेळेवर येत नाहीत ही तक्रार रास्तच आहे, पण अर्जच केला नाही तर उशिरानेही येणार नाहीत.

शिवाय कमवा आणि शिका. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते हातांनी कमवून शिकण्याच्या पायावर. मुलगा शाळा-कॉलेजात टिकवायचा तर त्याच्या ताटाची आणि अंथरुणाची सोय आधी करावी लागते, हे त्या दोघांनी ओळखलं होतं. आज ही योजना काही कॉलेजांत बागेला पाणी घालण्यापुरती उरली आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक कक्ष, परीक्षा विभागातली नोंदणी अशी कामं मुलांना द्या. तासाचं मानधन मिळतंच, शिवाय मुलगा कॉलेजच्या आवारात राहतो.

एटीकेटी लागली की मुलं येणंच बंद करतात. काय सांगायचं?

निकालाच्या दिवशी एकच गोष्ट सांगा: उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकनाच्या तारखा. मुदत थोड्या दिवसांची असते आणि खचलेला मुलगा नेमका तेव्हा फोन बंद करून बसलेला असतो. बाकी धीर नंतर देता येतो.

मग कागदावर हिशेब मांडा. कुठले विषय राहिले, अंतर्गत गुणांत नापास की लेखी परीक्षेत, पुढच्या सत्रात कुठला पेपर येणार, किती विषय सुटले तर पुढच्या वर्षात जाता येतं. नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत, पण बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे विषय शिल्लक ठेवून तिसऱ्या वर्षात जाता येत नाही. हे मुलांना फार उशिरा कळतं, आणि वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष मागे पडणं) झाल्यावर वर्गमित्र पुढे गेलेले पाहून येणंच थांबतं. वायडीच्या मुलांना वेगळं बोलवा, एकत्र बसवा. एकटेपणाची लाज चौघांत विभागली जाते.

अभियांत्रिकीत डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचा एम-थ्री हा ठरलेला खड्डा आहे. एम-वन, एम-टू त्यांनी केलेलंच नसतं आणि तिसरं गणित समोर येतं. वर्कशॉपमध्ये हीच मुलं सगळ्यांच्या पुढे असतात. त्यांच्यासाठी पहिल्या महिन्यातच गणिताचे जादा तास लावा.

मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीपुढे गळतात.

खरं आहे, विशेषतः विज्ञान शाखेत. दोन साध्या गोष्टी. कला आणि वाणिज्यच्या बहुतेक विषयांची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, हे प्रथम वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात सांगा. निम्म्या वर्गाला ठाऊक नसतं. विज्ञानवाल्यांना पहिल्या सत्रात तोंडी परीक्षेची उत्तरं मराठीत देऊ द्या. विषय समजलाय की नाही हे तेव्हाच कळतं. भाषा दुसऱ्या सत्रात येते.

विद्यार्थी खूप खचलेला वाटतो. मी काय बोलू, काय बोलू नको?

ऐकून घ्या. 'आमच्या वेळी' हे दोन शब्द टाळा. 'हे कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तुझ्या जिवाला धोका वाटला तर मला मदत मागावी लागेल, बाकी तुझ्या-माझ्यात' असं स्पष्ट सांगा. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका, आणि टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तुमच्याच फोनवरून, त्याला शेजारी बसवून फोन लावा. ती सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. रॅगिंगचा संशय असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसतज्ज्ञ नेमायचा आहे. तुमच्या कॉलेजात नसेल तर प्राचार्यांना लेखी पत्र द्या आणि पोचपावती ठेवा. मेंटॉरने समुपदेशकाची जागा भरून काढायची नसते.

पोलीस भरती आणि एमपीएससीच्या नादात मुलं तासांना येत नाहीत.

'नाद' म्हणू नका, तिथूनच संवाद तुटतो. पहाटे मैदानावर पळून आलेला मुलगा अकराच्या तासाला पेंगतो, तो आळशी नसतो. त्याला एवढंच दाखवा की एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते आणि पोलीस शिपाई पदाला बारावी पुरत असली तरी पुढे फौजदारकीची सरळसेवा परीक्षा द्यायची तर पदवी लागते. परीक्षा आणि शारीरिक चाचणीच्या तारखा एकमेकांवर आल्या तर आधी सांग, अंतर्गत चाचणी पुन्हा घेता येते का बघू, असा शब्द द्या आणि पाळा.

नवीन शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. मग अडवायचं कशाला?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स अशी पायरी आहे. बाहेर पडताना प्रमाणपत्रासाठी नेहमीच्या क्रेडिटबरोबरच (श्रेयांकांबरोबरच) जादा ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. परत येण्याची मुभा तीन वर्षांपर्यंत, आणि एकूण शिक्षण सात वर्षांत संपवायचं. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत हे २०२४-२५ पासून आलं.

ज्याला खरंच जावं लागतंय त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे, कारण पूर्वी तो रिकाम्या हाताने जायचा. पण त्या एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल असं कुणाला सांगू नका. आणि प्रवेशाच्या वेळीच एबीसी आयडी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधला खाते क्रमांक) काढून घ्या. आयडीच नसेल तर क्रेडिट जमा कुठे होणार?

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रस्ताही सांगत जा. रोज येणं अशक्य झालेल्या नोकरदार मुलाला किंवा लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या मुलीला तिथे पदवी पूर्ण करता येते. आपल्या कॉलेजचा आकडा एकाने कमी होईल, होऊ द्या.

मी तासिका तत्त्वावर आहे. मेंटॉरशिपचा मोबदला मिळत नाही. मी का करू?

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. तासाला पैसे देऊन बिनतासाचं काम सांगणं हा अन्यायच आहे. मेंटॉर याद्या आधी पूर्णवेळ प्राध्यापकांत वाटल्या जाव्यात आणि उरल्या तर तासिकावाल्यांना त्या वेळेचं मानधन मिळावं, हे बैठकीत बोललं पाहिजे, तेही पूर्णवेळवाल्यांनी. बऱ्याच कॉलेजांत मुलं सगळ्यात मोकळेपणाने तरुण तासिका प्राध्यापकांशीच बोलतात, म्हणून तर हे काम त्यांच्या गळ्यात पडतं.

मेंटॉर फाइल किती सविस्तर लिहायची?

नाव, गाव, कशाने येतो, काय अडलं, काय केलं, पुढे कधी बघायचं. चार ओळी. 'विद्यार्थ्यास अभ्यासाचे महत्त्व पटवून दिले' हे वाक्य कुठल्याही फाइलमधून खोडून टाका. नॅकच्या भेटीआधी एका रात्रीत एकाच पेनने भरलेल्या फायली पीअर टीमलाही ओळखू येतात. घरगुती किंवा आजाराची खासगी माहिती या फाइलमध्ये लिहू नका, कारण ती टेबलावर ठेवली जाते.

सोडून गेलेल्याला परत आणता येतं का?

येतं, विशेषतः पहिल्या वर्षभरात. आधी त्याने काय नेलंय ते बघा. टीसी नेली नसेल तर काम सोपं आहे, पीआरएन तोच राहतो आणि पुनर्प्रवेश किंवा माजी विद्यार्थी म्हणून परीक्षा अर्ज भरता येतो. टीसी मागायला आला असेल तर खिडकीवरच त्याला मेंटॉरची सही लागेल अशी पद्धत ठेवा. अडवायला नव्हे, पाच मिनिटं बोलायला. थकबाकीसाठी मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवणं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चालत नाही, त्यामुळे ऑफिसने तसं केलं असेल तर आधी ती परत मिळवून द्या.

निरोप त्याच्याच गावाहून येणाऱ्या सीनियरकडून पाठवा, कॉलेजच्या लेटरहेडवरून नको. मे-जूनमध्ये, पेरणीच्या आधी, ऊसतोडीची कुटुंबं गावी परतलेली असताना. सोबत तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून द्या: अर्जाची शेवटची तारीख, लागणारी एकूण रक्कम आणि तुमचा फोन नंबर. आला तर त्याला पहिल्या दिवशी स्वतः ऑफिसात घेऊन जा, आणि जुन्या गैरहजेरीबद्दल खिडकीवर कुणी काही बोलणार नाही याची क्लार्कला आधीच कल्पना देऊन ठेवा.